फेअर केलेला अपघात

“मयत कुठं ठेवलीय तेवढं सांगा फक्त,” फोनवरचा माणूस म्हणत होता.

मुख्याध्यापक जंगम सरांनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला होता, तरी त्याचा आवाज ऑफिसात स्पष्ट ऐकू येत होता. “आम्ही मुंबईवरनं, वाशीच्या मार्केटातनं बोलतोय. भेंडेघर ग्रामस्थ मंडळ. सर्जेराव पहाटंच निघालाय टेम्पो घेऊन. त्याला दवाखान्यात पाठवायचं का थेट गावात?”

“कुणाची मयत?” जंगम सर म्हणाले.

“बनाबाईची. त्याच्या आईची. मुक्कामी गाडी घाटात कोसळली न्हवं?”

“अहो, कुठली कोसळली? मुक्कामी गाडी सकाळी माझ्या डोळ्यांदेखत परत गेली तालुक्याला. बनाबाईला काहीही झालेलं नाही.”

पलीकडचा माणूस दबक्या, समजुतीच्या सुरात म्हणाला, “सर, तुम्ही कशाला लपवताय? तुमच्या शाळेनंच टाकलंय की इंटरनेटवर. आम्ही चौकात फलकसुद्धा लिहिला.”

शनिवार होता, सकाळची शाळा. मी नुकताच मोटारसायकल लावून आत आलो होतो, हातातलं हेल्मेटही खाली ठेवलं नव्हतं. कऱ्हाडच्या एका संस्थेनं मला खेड्यातल्या शाळांना ब्लॉग लिहायला शिकवायच्या कामावर नेमलं होतं आणि भेंडेघरच्या हायस्कूलचा वार शनिवार. पोरं मला ‘ब्लॉगवाले सर’ म्हणायची. शिक्षक पाठीमागं काय म्हणायचे ते मी कधी विचारलं नाही.

जंगम सरांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्या वर्षी शाळेत काहीही बिघडलं, अगदी नळाला पाणी आलं नाही तरी, ते आधी माझ्याकडे बघत.

“वाळिंबे, काय टाकलंय तुम्ही?”

मी काही टाकलं नव्हतं. मागच्या शनिवारनंतर इकडे फिरकलोही नव्हतो. पण मुक्कामी गाडी, घाट आणि बनाबाई ही तिन्ही एका दमात ऐकल्यावर मला हात झटकता येईनात. कारण मागच्या शनिवारी वर्गात मी ती तिन्ही ऐकली होती, आणि पोट धरून हसलो होतो.

नववीतल्या सारिका झोरेनं निबंध वाचून दाखवला होता. विषय मराठीच्या घार्गे बाईंनी दिलेला, ‘मी पाहिलेला अपघात’. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या प्रत्येकानं हा निबंध लिहिलेला असतो, आणि बहुतेकांनी अपघात पाहिलेला नसतो. मार्गदर्शकातला ट्रक येतो, मार्गदर्शकातला सायकलवाला त्याखाली सापडतो, आणि शेवटी लिहिणाऱ्याच्या अंगावर आजही काटा येतो. सारिकानं मात्र खरंच पाहिलेला लिहिला. ती वडिलांबरोबर तालुक्याला गेली होती. येताना मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री गावात थांबून सकाळी परत जाणारी एसटी, घाटात घसरून कडेच्या चरीत कलंडली. कुणाला खरचटलंही नाही. पण वरच्या वाडीच्या बनाबाईच्या पाटीतल्या कोंबड्या सुटल्या आणि सगळी गाडी, कंडक्टर डुबल मास्तरांसकट, अंधारात कोंबड्या धरत घाटभर फिरली. शेवटची कोंबडी डुबल मास्तरांनी झुडपातून ओढून काढली आणि बनाबाईच्या हातात देताना म्हणाले, “म्हातारे, हिचं अर्धं तिकीट लागंल.”

वर्ग हसून लोळला होता. मला तर वाटलं, आपलं इथलं काम झालं. कारण सुरुवातीला ही पोरं कीबोर्डवर बोट ठेवून चटका बसल्यासारखं मागं घ्यायची. खंडेनवमीला त्यांनी पाचही संगणकांची पूजा केली होती, आणि ते हळदीकुंकू बटणांच्या फटींतून काढता काढता माझा एक शनिवार गेला होता. जग वाचणार म्हटल्यावर त्यांची वाचाच बसायची. त्यातली एक मुलगी उभी राहून आपल्या मनानं, आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं वाचत होती. “असंच टाक,” मी तिला म्हणालो होतो, “नावागावासकट.”

आता कोंबड्यांच्या निबंधानं वाशीच्या चौकात श्रद्धांजलीचा फलक कसा लागतो, ते मला कळेना. बघायची सोयही नव्हती. भारनियमन चालू होतं, लाइट दुपारच्या सुमाराला येणार. शाळेला इन्व्हर्टर नव्हता आणि साधा फोन सोडला तर माझ्याकडे काही नव्हतं.

जंगम सरांनी शिपाई हणमंताला वरच्या वाडीला पिटाळलं. “बनाबाईला घेऊन ये. असेल तशी. चुलीवर भाकरी असली तर भाकरीसकट.” मग त्यांनी घार्गे बाईंना आणि सारिकाला बोलावून घेतलं.

घार्गे बाई म्हणजे त्या शाळेतलं वजन. निम्म्या गावाला त्यांनी मराठी शिकवलं होतं आणि त्यांच्या विषयात कुणी नापास झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ब्लॉगला त्यांचा विरोध नव्हता, धास्ती होती. “वहीतली चूक माझ्यात आणि पोरात राहते,” त्या मला म्हणाल्या होत्या. “तुमच्या त्या यंत्रातली साऱ्या दुनियेत जाते. माझ्या नावाखाली काही जाणार असेल तर ते नीट असलं पाहिजे.” म्हणून त्यांनी नियम केला होता. प्रत्येक लिखाण आधी त्या तपासणार, मग पोरं ते फेअर करणार, मगच ते टाकायचं. स्वतः त्या संगणकाला हात लावत नसत. पोरांच्या मागं उभ्या राहून सांगत.

सारिका येऊन टेबलासमोर उभी राहिली. काटकुळी, उंच, दोन घट्ट वेण्या.

“काय टाकलंयस तू?” जंगम सर म्हणाले.

“निबंध.”

“म्हण.”

तिला तो पाठ होता. आमच्या पोरांना निबंध पाठच असतात. तिनं हात मागं बांधले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत सुरू केलं. पहिली काही वाक्यं मी ओळखली. मग ती म्हणाली, “‘इतक्यात क्रूर काळाने घाला घातला. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गाडी खोल दरीत कोसळली. आक्रोशाने आसमंत दुमदुमून गेला. कोंबड्यांची पाटी घेऊन परतणाऱ्या वरच्या वाडीच्या बनाबाई मोहिते रक्ताच्या थारोळ्यात निपचित पडल्या होत्या. त्यांची प्राणज्योत केव्हाच मालवली होती.’”

“बास,” जंगम सर म्हणाले.

ती थांबली.

“गाडी दरीत पडली?”

“न्हाई सर.”

“बनाबाई मेली?”

“न्हाई सर.”

“मग कुणी सांगितलं तुला माणसं मारायला?”

सारिकानं एकदाच मान वळवून बाईंकडे बघितलं. बाई खिडकीतून मैदानाकडे बघत होत्या. सारिकानं मान परत सरळ केली.

“बोल की. आता तोंड शिवलं का? तिकडे एक माणूस आई मेली म्हणून टेम्पो हाणत येतोय. घाटाचा कठडा दोन ठिकाणी गेलाय. त्याचं काही बरंवाईट झालं तर तू भरून देणार?” त्यांचा स्वर चढला. “तुझ्या वडलांना बोलावणं पाठवतो आज. त्यांनाच सांगतो, घेऊन जा म्हणावं तुमची पोरगी.”

ते रागाच्या भरात बोलले, पण त्या खोलीतल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ माहीत होता. धनगरवाड्यावरून नववीपर्यंत आलेली ती एकटीच मुलगी. सातवीनंतर वडलांनी तिला म्हशींमागं घातली होती. शाळेचं बोलावणं म्हणजे त्यांना आयतंच कारण. ते इथं येणार, मान खाली घालून ऐकून घेणार, आणि तिला घेऊन जाणार ते कायमचं. सारिका घड्याळाकडेच बघत राहिली.

मंडळाकडून सर्जेरावचा नंबर घेऊन मी तो फिरवत राहिलो. आधी नुसती घंटी वाजायची. टेम्पोच्या आवाजात कुठली ऐकू जायला. मग ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ असं येऊ लागलं, म्हणजे तो हमरस्ता सोडून आत वळला होता. घाटाच्या पायथ्याला एका चहावाल्याकडे फोन होता. त्याला मी सांगितलं, टेम्पो दिसला की आडवा हो, त्याची आई जिती आहे म्हणून सांग.

“व्हय, सांगतो की,” तो म्हणाला. “पर बनाबाई वारली ना? आमच्याकडं तर काल रातीच कळलं.”

सारिकाला बाहेर थांबायला सांगितलं होतं. व्हरांड्यात ती भिंतीला पाठ लावून उभी होती. मी तिच्याजवळ गेलो.

“तू वर्गात वाचलास तो हा नव्हता.”

“न्हाई.”

“मग हा कुठून आला?”

“फेअर केला, सर.”

“फेअर करताना अक्षर सुधारतं सारिका, माणसं मरत नाहीत.”

तिनं वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. मला आधीच कळायला हवं होतं. ‘आक्रोशाने आसमंत दुमदुमून गेला’ हे वाक्य त्या पोरीचं असणं शक्यच नव्हतं.

“बाईंनी बदलायला सांगितलं?”

“सर, बाईंचं नाव घेऊ नका.” ती हळू पण घाईघाईनं बोलू लागली. “मला म्हशींमागं लावलीवती तवा बाई चालत वर आल्यावत्या आमच्या वाड्यावर. दोनदा. आमच्या बानं पयल्यांदा बसासुद्धा म्हटलं न्हाई. बाई दारात दगडावर बसून राहिल्या. म्हणल्या, पोरगी द्या, तिला मी माझ्या जबाबदारीवर नेते. आता त्यांचंच नाव सांगू व्हय?”

“आणि तुझी शाळा?”

“ती त्यांच्यामुळंच हाय की,” ती म्हणाली.

मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त बाईंचा. मी सरळ शिक्षकांच्या खोलीत गेलो. बाई एकट्याच बसल्या होत्या, समोर वह्यांचा गठ्ठा आणि हातात टोपण घातलेलं लाल पेन.

“बाई, तिला विचारलं मी.”

“काय म्हणाली?”

“काहीच नाही. हीच तर पंचाईत आहे.”

बाईंनी पेन वह्यांवर ठेवलं. “वाळिंबे, मला निवृत्तीला थोडके दिवस राहिलेत. आजवर एक मेमो नाही. एक प्रश्न विचारला नाही कुणी. वाशीपासून इथवर लोक म्हणतात, मराठी शिकावं तर घार्गे बाईंकडे.” त्या थांबल्या. “आता म्हणतील, बाईंनी जित्या माणसाला मारलं.”

“आणि तिच्या बापाला बोलावलं तर?”

“मी मागून जंगमांशी बोलेन. समजावेन.”

“मागून म्हणजे तिला नेल्यावर?”

“तुम्ही शनिवारचे पाहुणे,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “इथं राहायचं आम्हाला आहे.”

मी जंगम सरांना सांगून मोकळा होऊ शकत होतो. पण सारिकानं नको म्हटलं होतं, आणि माझं ऐकलं असतं कुणी असंही नाही. मी तिथंच उभा राहिलो. तेवढ्यात पंखा कुरकुरत फिरायला लागला. लाइट वेळेच्या आधीच आली होती.

संगणकखोलीत आम्ही सगळेच गेलो. जंगम सर माझ्या खांद्यामागं, बाई दाराशी खुर्चीवर, सारिका भिंतीला. खिडकीला नववीची डोकी लागली होती आणि त्यांना हाकलायचं कुणाला सुचलं नाही. डोंगल लावलं, पान उघडलं. निबंधाखाली प्रतिक्रियांची रांग लागली होती. आमच्या कुठल्याही लिखाणाला आजवर इतक्या प्रतिक्रिया आल्या नव्हत्या.

‘भावपूर्ण श्रद्धांजली.’

‘भावपूर्ण श्रद्धांजली. मावशी, तुमच्या हातची अंडी खाऊन मोठे झालो.’

‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. शाळेने तत्परतेने कळवल्याबद्दल आभार.’

‘गाडी घसरल्याचं मागंच कानावर होतं, पण बनाकाकू गेल्याचं कुणी कळवलं नाही. डुबल मास्तर कसे आहेत? कृपया कळवा.’

“काढून टाका आधी,” जंगम सर म्हणाले.

“काढतो. पण वाचलेल्यांनी वाचलंय सर. नुसतं काढलं तर म्हणतील लपवलं. खुलासा टाकावा लागेल.”

“मग टाका. मी सांगतो तसं लिहा.” त्यांनी हात मागं बांधले आणि परिपत्रकाच्या चालीवर सुरू केलं. “सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, सदर अपघाताचा मजकूर निखालस खोटा असून, तो इयत्ता नववीतील विद्यार्थिनी कुमारी सारिका झोरे हिने खोडसाळपणे, शिक्षकांच्या परस्पर…”

माझी बोटं थांबली. “परस्पर?”

“लिहा. शिक्षकांच्या परस्पर प्रसिद्ध केला आहे. तिच्यावर योग्य ती कारवाई करण्यात येत आहे.”

मी मागं वळून बाईंकडे बघितलं. त्या चष्मा काढून पदरानं पुसत होत्या. मी सारिकाकडे बघितलं, तर ती मलाच मानेनं ‘लिहा’ म्हणत होती. ज्या पोरीला मी सहा महिने सांगत होतो की तुझं नाव लिहायला लाजू नकोस, तिचं नाव मी त्या वाक्यात टाइप केलं. ही नोटीस एकदा वाशीत वाचली गेली की धनगरवाड्यावर बोलावणं पाठवायचीही गरज नव्हती. बातमी आपली आपणच वर चढली असती.

माझा फोन वाजला. चहावाला होता.

“सर, टेम्पो गेला. म्या रस्त्यात हुबा राहून हात केला. थांबला न्हाई. माझ्याच अंगावर घालत होता, बाजूला झालो म्हणून वाचलो.”

“कधी गेला?”

“ह्यो आत्ता. लई जोरात हाय.”

मग आम्ही सगळे घाट ऐकत राहिलो, दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. आमच्या शाळेतून घाट दिसत नाही, पण चढावर गाडीचा आवाज वळणावळणानं येतो आणि जातो. एक आवाज आला, वाढला, डोंगराआड गेला. परत आला. मग कुठंतरी पत्रा कशावर तरी घासल्याचा लांबलचक आवाज झाला, आणि त्यानंतर काहीच ऐकू येईना.

सारिका भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. खिडकीतल्या पोरांपैकी कुणी हलत नव्हतं. जंगम सर पुटपुटायला लागले, बहुतेक देवाचं नाव असावं. मी डोळे मिटून घेतले होते. आज इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही, त्या वेळी माझ्या डोक्यात सर्जेराव नव्हता, नववीतली पोरगी होती. तिला आयुष्यभर हे घेऊन जगावं लागणार, एवढंच येत होतं.

मग इंजिन पुन्हा ऐकू आलं. कण्हत, खोकत, पण वर चढत.

टेम्पो मैदानातून थेट संगणकखोलीच्या पायरीपर्यंत आला. डाव्या अंगाचा पत्रा फाटून लोंबत होता, आरसा मुळातून गेला होता. सर्जेराव मोहिते उतरला. धिप्पाड माणूस, अंगावर वाशीच्या बाजारातला मळका सदरा. त्याच्या मागून आणखी एकजण उतरला आणि तिथंच धुळीत उकिडवा बसून ओकला.

“कुठं ठेवलीय आईला?”

“सर्जेराव, आई धडधाकट आहे तुझी,” जंगम सर म्हणाले. “हणमंता आणायला गेलाय. आत ये, बस.”

“मला येडा करू नका. कुठं ठेवलीय?”

“अरे जिती आहे. कोपऱ्यावरच्या देवीची शपथ. गाडी पडलीच नाही. निबंध होता तो, शाळेतला निबंध.”

त्याला ते समजायला वेळ लागला. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला. मग त्यानं चौकटीला हात टेकला आणि मान खाली घातली. मान वर केली तेव्हा डोळे लाल झाले होते.

“कुणी लिवला?”

जंगम सरांनी बोट दाखवलं. “ही. झोऱ्याची. आमची कारवाई सुरू आहे. वाळिंबे, पाठवा ते.”

सारिका उठली आणि स्वतःच दोन पावलं पुढं आली. “मी लिवला,” ती म्हणाली.

सर्जेराव तिच्याकडे बघत राहिला. त्याला बहुधा कुणी मोठं माणूस अपेक्षित होतं. “माझ्या आईनं तुझं काय वाकडं केलंवतं गं?” तो विचारत होता, ओरडत नव्हता, आणि त्यानंच ते जास्त वाईट वाटलं. “कालपासनं पाण्याचा घोट उतरला न्हाई माझ्या घशाखाली. घाटात चाक कठड्याभायेर गेलंवतं. दोघंबी गेलो असतो. काय केलंवतं तिनं तुझं?”

सारिकाला रडू आवरेना, पण बाईंकडे तिनं पाहिलंही नाही.

दाराशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“तिनं नाही,” घार्गे बाई म्हणाल्या. “तुझी आई मी मारली, सर्जेराव.”

कुणाला काही कळलं नाही. बाई उभ्या होत्या, एका हातानं खुर्चीची पाठ धरून.

“पोरीनं खरं लिहिलं होतं. कोंबड्या सुटल्या, सगळ्यांनी धरल्या, हसत हसत घरी आले. मी म्हटलं, अपघाताच्या निबंधात हसतात होय? कुणीतरी दगावल्याशिवाय करुण होत नाही आणि करुण झाल्याशिवाय परीक्षक गुण देत नाही. ती म्हणाली, बाई, पण कोण? मी म्हटलं, ती म्हातारीच घे. एकटी आहे, आपसूक करुण होईल.” त्यांनी खुर्चीची पाठ सोडली. “एकटी आहे म्हणाले मी. तू आहेस हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. निबंधात कुणाला मुलं नसतात.”

सर्जेराव त्यांच्याकडे बघत होता. नववीच्या वर्गात बघत असेल तसा, खालून वर, जरी तो त्यांच्याहून दीड हात उंच होता.

“बाई,” तो शेवटी म्हणाला, “माझ्या निबंधात तुमी सायकलवाला मारलावता.”

“मारला असेल.”

“मी म्हणलोवतो, बाई, त्यो उठून गेला, धोतर झाडलं आन् गेला. तुमी म्हणला, निबंधात उठत नसतात.”

खिडकीतून एकही पोर हसलं नाही.

बाहेर हणमंताची हाक आली. पाठोपाठ बनाबाई मैदानात आली, पायांत चपला नाहीत, हात पिठाचे. “कोण मेलं म्हंत्यात रं?” ती लांबूनच म्हणाली. मग तिला टेम्पो दिसला, आणि टेम्पोजवळ गेलेला मुलगा. “आज सुट्टी हाय व्हय तुला?” असं तिनं विचारलं. तिच्या पिठाच्या हातात तोंड घालून तो रडायला लागला, आणि ती काही न कळून त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

आत जंगम सरांनी घसा साफ केला. “बाई, हे मला लेखी लागेल. शाळेच्या संस्थेला कळवावं लागेल. मेमो निघेल तुम्हाला.”

“काढा.”

“आणि झोऱ्याला काय सांगायचं?”

“त्याच्याकडे संध्याकाळी मी जाते. कुणी काय केलं ते मीच सांगते त्याला. ऐकेल न ऐकेल, त्याचा तो.” बाई माझ्याजवळ आल्या. “उठा वाळिंबे.”

मी उठलो. त्या माझ्या खुर्चीत बसल्या. पडद्यावर जंगम सरांचं परिपत्रक होतं, सारिकाच्या नावासकट. “हे कसं पुसायचं?” त्यांनी विचारलं. मी दाखवलं, पण बटण त्यांनीच दाबून धरलं, आणि एकेक अक्षर जाताना बघत राहिल्या, शेवटचं जाईपर्यंत.

मग त्यांनी एका बोटानं लिहायला सुरुवात केली. सारिका शेजारी उभी राहून कुठलं अक्षर कुठं आहे ते सांगत होती. जोडाक्षर आलं की बाई थांबत, सारिका बोट दाखवी, बाई दाबत. पुरतं लिहून झालं तेव्हा पडद्यावर एवढंच होतं:

‘बनाबाई मोहिते जिवंत आहेत. कु. सारिका झोरे हिने खरा प्रसंग लिहिला होता. त्यातले मरण मी घातले. – सुमन घार्गे, मराठी शिक्षिका.’

बाईंनी ते तीन वेळा वाचलं. पहिल्या दोन वेळा चुका शोधत असाव्यात. तिसऱ्या वेळी त्या नुसत्याच बघत होत्या. बाण प्रसिद्ध करायच्या बटणावर आणून ठेवला होता.

“हे एकदा गेलं की परत येतं का हो?” त्यांनी मला विचारलं.

“काढून टाकता येतं बाई. पण कुणी वाचलं की वाचलं.”

त्यांनी माउसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. “सारिका,” त्या म्हणाल्या, “तू दाब गं. माझ्यानं व्हायचं नाही.”

त्या सकाळी सारिकानं प्रत्येकाचं ऐकलं होतं. जंगम सरांचं, माझं, सर्जेरावचंही. आणि बाईंचं तर ती जन्मभर ऐकत आली असती. तिनं डोळे पुसले, पुढं केलेला हात मागं घेतला आणि दोन्ही हात पाठीशी बांधले.

“न्हाई बाई,” ती म्हणाली. “तुमचं तुमीच दाबा.”

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग चष्मा नीट केला, हात परत माउसवर ठेवला आणि बटण दाबलं.